आरमारी विनोदपटांना मराठी सबटायटल्स देणाऱ्या ताईंना

सप्रेम नमस्कार ताई,

१९५०च्या दशकातले ब्रिटिश आरमारी विनोदपट आमच्या घरातल्या थोरामोठ्यांनाही आता हसत पाहता येतात, ते तुमच्या सबटायटल्समुळे. मनापासून आभार.

या चित्रपटांची गंमत संवादांइतकीच संवादांमधल्या थांब्यात आहे. ‘अप द क्रीक’मध्ये (१९५८) पीटर सेलर्सचा बोसन (जहाजावरच्या खलाशांचा मुकादम) सरकारी माल परस्पर विकतो आणि नव्या कॅप्टनसमोर, म्हणजे डेव्हिड टॉमलिन्सनसमोर, चेहऱ्यावरची रेषही न हलवता थापा मारतो. तिथे तुम्ही प्रश्न आणि उत्तर एकत्र दाखवलं नाहीत. लांब वाक्याची कलाटणीही पुढच्या सबटायटलसाठी राखून ठेवलीत. एरवी वाचणारा आधीच हसून मोकळा होतो आणि नट बोलतो तेव्हा काही उरत नाही.

‘बार्नॅकल बिल’मधला (१९५७) अॅलेक गिनेसचा कॅप्टन तर बोट लागणारा, म्हणजे समुद्रात मळमळणारा! तो समुद्रात बांधलेला करमणुकीचा धक्काच विकत घेऊन जहाज म्हणून नोंदवतो, तेही पूर्ण गांभीर्याने. तुमची भाषा तिथे जराही खट्याळ झाली नाही, हे फार बरं केलंत.

आता फायलींबद्दल. हे चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने (म्हणजे २४ स्थिर चित्रांनी) चित्रित झालेले, पण ब्रिटिश डीव्हीडीवर २५ने धावतात. ९० मिनिटांचा चित्रपट ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपतो. डीव्हीडीची सबटायटल्स २४च्या प्रतीला लावली की सुरुवात जुळते, शेवटी साडेतीन मिनिटांहून जास्त फरक पडतो. नुसती मागे-पुढे सरकवून भागत नाही, प्रत्येक सबटायटलच्या वेळेला २५ भागिले २४ने गुणावं लागतं. तुम्ही दोन्ही फायली वेगळ्या दिल्यात, म्हणून ही कटकट वाचली.

पांढऱ्या गणवेशावर पांढरी अक्षरं विरघळतात. काळ्या कडेची पिवळी अक्षरं हाच त्यावरचा योग्य उपाय. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकू नयेत म्हणून अंतर वाढवलंत, फायल यूटीएफ-८मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत) ठेवलीत. त्यामुळे मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत नाहीत.

तेव्हाच्या ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करी सेवा होती, त्यामुळे हुद्द्यांची उतरंड प्रेक्षकांना पाठच असे आणि चित्रपट ती समजावत बसत नाहीत. तुम्ही सुरुवातीला दिलेला हुद्द्यांचा छोटा तक्ता म्हणूनच मोलाचा.

जमलं तर पुढे ‘द बेबी अँड द बॅटलशिप’ (१९५६) घ्या. युद्धनौकेवर तान्हं बाळ लपवण्याच्या या गोष्टीतले जॉन मिल्स आणि रिचर्ड अॅटनबरो यांचे संवाद मराठीत वाचायला आम्ही उत्सुक आहोत.

आपले कृतज्ञ,
जुन्या चित्रपटांचे काही रसिक