बाबा, त्याला सातबारा नसतो

दुबई,
शुक्रवार रात्र

ती. बाबांना आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर मी सहज म्हटलं की दुबईत घर घेतलंय, म्हणजे घराचा तुकडा घेतलाय. बाबा, तुम्ही लगेच विचारलंत, "सातबारा कुठाय त्याचा?" मी हसले, तेवढ्यात फोन कट झाला आणि उत्तर राहून गेलं. दोन दिवसांनी आईचा फोन आला. थोरल्या काकांचा दादा घरी येऊन गेला, हायवेजवळच्या कुठल्याशा प्लॉटचं 'ब्लॉकचेनवरचं टोकन' घ्या म्हणतोय, बाबांच्या ग्रॅच्युइटीतले चार लाख मागतोय. तेव्हा मात्र हसू आलं नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, पण कागद मिळाला की लाल पेन घेऊन बसाल, म्हणून कागदावर लिहितेय. ऑफिसातल्या एक ताई पुण्याला निघाल्यात, त्यांच्या हाती हे पाकीट देतेय.

आधी माझ्या घराचं सांगते. इथं जमिनीची सरकारी नोंद दुबई लँड डिपार्टमेंट ठेवतं, १९६० पासून. त्याच खात्याने मार्च २०२५ मध्ये एक प्रयोग जाहीर केला आणि मे महिन्यात प्रिप्को मिंट नावाच्या ठिकाणी तो लोकांसाठी खुला झाला. एक फ्लॅट घ्यायचा, त्याच्या किमतीचे बारीक बारीक वाटे पाडायचे, त्या वाट्याला टोकन म्हणायचं, त्याची नोंद ब्लॉकचेन नावाच्या संगणकी वहीत ठेवायची आणि कमीत कमी २,००० दिरहमला विकायचं. ज्याच्याकडे इथलं ओळखपत्र आहे, तोच घेऊ शकतो. पैसे साधे दिरहमच. बिटकॉइनचा त्यात संबंध नाही, आई, टीव्हीवर काहीबाही बघून घाबरू नकोस. पहिला फ्लॅट २२४ जणांनी मिळून एका दिवसात उचलला. त्यानंतरचा दोन मिनिटांच्या आत संपला, आपल्याकडे गणपतीच्या गाड्यांचं रिझर्व्हेशन संपतं तसा. मी पुढच्या एका खेपेला ५,००० दिरहम घातले. मग एका सुट्टीच्या दिवशी मेट्रोने जाऊन त्या इमारतीखाली उभी राहिले, वर बघितलं आणि माझा वाटा केवढा याचा हिशोब केला. बाथरूमच्या अडीच फरश्या निघाल्या.

आई, तू विचारलंस, "एवढ्या जणांचं घर, मग केर कोण काढणार?" हा प्रश्न इथल्या माहितीपत्रकांत मला कुठे दिसला नाही, आणि खरी मेख तिथंच आहे. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात हेच झालं. एका कंपनीने जुनी घरं घेऊन त्यांची टोकनं जगभरातल्या हौशी लोकांना विकली. कुणी फ्रान्समध्ये, कुणी आणखी कुठे, मोबाइलवर भाड्याचे आकडे बघत बसलेले. जुलै २०२५ मध्ये खुद्द शहराने ४०० हून जास्त घरांच्या दुरवस्थेवरून त्या कंपनीला कोर्टात खेचलं. टोकनाची नोंद शाबूत होती, आणि घरांची डागडुजी करायला कुणी नव्हतं. माझ्या वाट्याचं म्हणशील तर तिथं एक संस्था व्यवस्था बघते, तिचा खर्च आधी कापला जातो आणि उरलेलं भाडं वाटलं जातं. मी त्यात एवढेच पैसे घातलेत की बुडाले तर झोप उडणार नाही.

आता बाबा, तुमचा प्रश्न. ब्लॉकचेन म्हणजे काय हे मला इथल्या एका शिबिरात तासभर चित्रं दाखवून शिकवलं. मला मात्र दहा मिनिटांतच कळलं होतं, कारण मी तलाठ्याची मुलगी आहे. (आता तलाठी म्हणायचं नाही, ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, माहीत आहे. गावात तुम्ही भाऊसाहेबच राहणार.) अहो, तो तुमचा गाव नमुना सहा आहे! फेरफाराची नोंदवही. नोंदीला क्रमांक, तो मागेपुढे होणार नाही, मध्ये पान घुसवायचं नाही. सातबाऱ्यावर नाव बदललं तरी जुनं नाव खोडायचं नाही, त्याला कंस करायचा आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहायचा. क्रमांक धरून उलटं चालत गेलं की पणजोबांपर्यंत पोचता यावं. लहानपणी तुमच्या टेबलाशी बसून मी हे कंस मोजलेत.

त्या वहीत फक्त दोन गोष्टी वाढवायच्या. पहिली, प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा घालायचा, म्हणजे तिच्या सगळ्या मजकुराचं गणित करून काढलेला एक लांबलचक आकडा. मागच्या नोंदीतला एक काना जरी कुणी बदलला तरी तो आकडा बदलतो आणि पुढची एकही नोंद जुळत नाही. दुसरी, वही एका कपाटात ठेवायची नाही, पुष्कळ संगणकांवर तीच वही ठेवायची. एकीतलं पान रात्रीतून फाटलं तर बाकीच्या ओरडून सांगतात. तुम्ही म्हणायचात ना, दप्तराला दोन प्रकारची वाळवी लागते, एक सहा पायांची आणि एक दोन पायांची. ह्या वहीत दोन पायांच्या वाळवीचं काम अवघड होतं. त्याला माझी हरकत नाही, उलट कौतुकच आहे. छत्तीसगडमधल्या दंतेवाड्यात जमिनीचे लाखो जुने कागद याच रीतीने ठेवले आहेत, त्यात नंतर खाडाखोड झाली तर पकडता यावी म्हणून.

पण आपला सातबारा संगणकावर गेला तेव्हाचं आठवतंय? विहिरीकडच्या तुकड्याचे ४० आर होते, टंकताना ०४ झाले. निवृत्त भाऊसाहेबाला स्वतःच्याच शेतासाठी कलम १५५ खाली अर्ज घेऊन किती खेपा माराव्या लागल्या! तेव्हा तुमच्या चपला झिजल्या, पण चूक दुरुस्त झाली. ब्लॉकचेनवर ते ०४ असते तर तेही तितक्याच इमानाने जपले गेले असते. दुरुस्तीची नवी नोंद वर चढवता येते, पण ती चढवायला आधी कुणीतरी अधिकारी माणूस चूक मान्य करणारा लागतोच. वही खोटं बोलत नाही, पण तिला खोटं सांगितलं तर ती ते इमानाने लिहून घेते.

दुबईत हे चालतंय कारण वही ठेवणारं खातं आणि मालकी ठरवणारं खातं एकच आहे. टोकन ज्याचं, त्याला ते खातंच मालकीचा दाखला देतं. आपल्याकडे तसं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. दुय्यम निबंधकाकडे १९०८ च्या कायद्याने नोंद होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. सातबाऱ्यावरची नोंद खरी मानायची, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. महसूल अधिनियम, कलम १५७. बरोबर ना? चुकलं असेल तर लाल पेन आहेच. म्हणून तर आपल्याकडे शेत घेताना तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतात आणि तरीही वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन धाकधुकीत बसतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बिहारच्या एका प्रकरणात ह्याच दुखण्यावर बोट ठेवलं आणि नोंदणीसाठी ब्लॉकचेनचा विचार करायला, विधी आयोगाकडून अभ्यास करून घ्यायला सांगितलं. अभ्यास जरूर व्हावा. मात्र होंडुरासने २०१५ मध्ये असाच गाजावाजा केला आणि काम सुरुवातीलाच अडकलं. स्वीडनने पुढची तीनेक वर्षं चाचण्या घेतल्या, पण त्यांच्या जुन्या नोंदीच इतक्या नेटक्या की घाई कुणालाच नव्हती. जॉर्जियात २०१६ पासून सुरू झालं ते पुढे गेलं, कारण नोंदींची साफसफाई त्यांनी आधीच केली होती.

आता दादाचं टोकन. बाबा, त्याला माझं नाव सांगा, मला वाईटपणा आला तरी चालेल. त्याला विचारा, जमीन आज कुणाच्या नावावर आहे, बिगरशेती झाली आहे का, तुकडेबंदीला, म्हणजे शेताचे फार छोटे तुकडे न पाडण्याच्या कायद्याला, धरून आहे का, महारेराचा, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर आहे का. आणि तुम्हाला जे मिळणार आहे ते कुठल्या निबंधकाकडे नोंदलं जाणार? शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन नोंदणीकृत दस्ताशिवाय विकली जात नाही, हे तुम्ही अख्ख्या तालुक्याला सांगत आलात. मग चार लाखांची जमीन मोबाइलवरच्या चित्राने कशी विकली जाईल? ते टोकन म्हणजे फार तर कंपनीने दिलेला शब्द. कंपनी उठून गेली की शब्दही गेला, मग तो हजार संगणकांवर लिहिलेला का असेना. शिवाय दादा महिन्याला दोन टक्के सुटतील म्हणतो. असे दोन टक्के जमिनीतून निघत असते तर तुमच्या नोकरीत तुम्ही एकाही शेतकऱ्याला कर्जापायी शेत विकताना पाहिलं नसतं. आणि अशा टोकनाला आभासी मालमत्ता धरलं तर आपल्याकडे २०२२ पासून नफ्यावर सरसकट तीस टक्के कर आहे, तेही दादाने सांगितलं नसेल.

इमारतींत पैसे घालायचेच असतील तर शेअर बाजारात रीट, म्हणजे भाड्याच्या इमारतींत पैसे लावणाऱ्या संस्थांचे वाटे, मिळतात, २०१९ पासून आहेत, सेबीची नजर असते, थोड्या पैशांतही घेता येतात. लहान रीटही २०२४ मध्ये आले, पण तिथं किमान दहा लाख लागतात, ते आपलं काम नव्हे. खरं सांगू? तुमच्या वयाला पोस्टाची योजना बरी. आई, तू गालात हसत असशील. हो, तू हेच म्हणाली होतीस.

पुढचं लिहू की नको म्हणून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं.

बाबा, शिबिरात शिकवणारा मुलगा 'एकदा लिहिलेलं कायमचं' असं पुन्हा पुन्हा अभिमानाने सांगत होता, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर धाकट्या आत्याचा अंगठा आला. १९९७. मी चौथीत होते. आजोबांचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आणि काका आत्याला तालुक्याला घेऊन गेलात. हक्कसोडपत्राचा मसुदा तुमच्या अक्षरात होता. आत्याला लुगडं घेतलं, हॉटेलात जेवण झालं, शाईचा अंगठा तिने पदराला पुसला, तो डाग मला आठवतो. त्या दस्तात एकही चूक नाही. साक्षीदार आहेत, शिक्का आहे, फेरफार मंजूर आहे, आत्याच्या नावाला नीट कंस आहे. कोर्टात टिकेल आणि ब्लॉकचेनवर घातला तर तिथंही. पण तो दस्त तिला वाचून कुणी दाखवला होता का? आई म्हणते, नव्हता. त्यानंतर आत्या दिवाळीला आपल्याकडे कधी राहिली नाही. येते, ओवाळते आणि संध्याकाळच्या एसटीने परत जाते.

मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं आणि तुम्ही नियमाबाहेर एक अक्षर लिहिलं नाहीत, हे मला माहीत आहे. मी तुमचीच मुलगी आहे, माझा वाटा उद्या कोणत्या कंसात जाईल याची मला भीती नाही. पण विहिरीकडच्या त्या ४० आरसाठी तुम्ही इतक्या खेपा घातल्यात, आत्याचा वाटा तर तसल्या अर्जाविनाही तिच्या नावावर करता येईल. बक्षीसपत्राला काय लागतं ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मुद्रांकाचा खर्च मी पाठवते.

पाकिटाबरोबर खजुराचे दोन डबे आहेत. एक घरात ठेवा. दुसरा आत्याचा आहे, तो कुणाच्या हाती पाठवू नका बाबा, तुम्ही स्वतः घेऊन जा. सकाळची एसटी साडेआठला आहे. आई, तूही जा बरोबर, आणि बाबांच्या पिशवीत चष्मा आहे ना, ते बघ.

तुमची,
धाकटी