फाटकावरचं पालकपत्र

ठाणे, 28 डिसेंबर 2025

प्रिय मंजू,

तुझं दिवाळीतलं पत्र अजून फ्रिजवर चिकटवलेलं आहे. रोज दूध काढताना ते माझ्याकडे बघतं आणि मी मान फिरवते. आज रविवार, लेक आजीकडे, म्हणून बसलेच लिहायला.

मी आपल्या शाळेत परत गेलेय. म्हणजे लेक तिथेच चौथीत आहे हे तुला माहीत आहे, पण यंदा पालक-शिक्षक संघात मलाही ओढलं. आपल्या वेळी चौथीच्या चार तुकड्या होत्या, आठवतंय? आता एकच, त्यात 27 मुलं. आपल्या 'ब' तुकडीच्या वर्गात संगणक आलेत आणि तू जिथे अंगठे धरून उभी राहायचीस त्या कोपऱ्यात प्रिंटर ठेवलाय.

माझ्या गळ्यात पडलेलं काम म्हणजे दर महिन्याचं पालकपत्र. शाळेत काय झालं, पुढे काय आहे, कधी काय आणायचं. आपल्या वेळी शिपाईकाका सूचनावही घेऊन वर्गावर्गांत फिरायचे आणि तेवढाच गणिताचा तास बुडाला म्हणून आपण खूश व्हायचो. आता ग्रुपवर पीडीएफ टाकायची आणि कागदही वाटायचा. पहिलं पत्र मी काय झोकात लिहिलं म्हणून सांगू! 'सुजाण पालकहो' अशी सुरुवात, मग मोठ्या बाईंचं मनोगत, आणि तारखा पार तळाशी. आठवड्याने एका आईने हसत सांगितलं, "ताई, तो कागद चांगला जाड होता हो, डब्याखाली घातला."

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी फाटकाशी उभी राहून बघितलं. दुपारची शाळा, त्यामुळे सव्वाबाराला सगळे मुलांना सोडायला येतात. कोणी चार घरची कामं उरकून पाचव्या घरी निघालेली, कोणी रिक्षा चालू ठेवूनच मुलाला उतरवणारा, कोणाची आजी, जिला अक्षरओळखच नाही. पीडीएफ उघडणार कोण? मग मी तिथेच मोठ्याने वाचायला लागले. पहिल्या दिवशी तिघी थांबल्या, आता दर सोमवारी बऱ्यापैकी घोळका होतो. क्रमही बदललाय. आधी तारीख, मग पैसे, मग काय आणायचं. मनोगत सगळ्यात शेवटी, तोपर्यंत घंटा होते. (मोठ्या बाईंना हे सांगू नकोस, त्या तुझ्या आईच्या भिशीत होत्या.)

जानेवारीचं पत्र लिहिणं म्हणजे डोकेदुखीच. 3 तारखेला सावित्रीबाईंची जयंती. मुलींना वेशभूषा करून यायला सांगितलं, तर वर्गात अकरा सावित्रीबाई तयार! माझी लेक म्हणाली, सगळ्या सावित्री झाल्या तर शिकणार कोण? म्हणून ती फातिमा शेख होणार आहे. मुलांमध्ये शेण मारणाऱ्याच्या भूमिकेवरून भांडण जुंपलंय. बाईंनी शेणाऐवजी कागदाचे गोळे ठरवले तेव्हा अर्ध्या उमेदवारांनी माघार घेतली.

स्नेहसंमेलन खरं तर संक्रांतीच्या आसपासचं. पण 15 तारखेला महापालिकेचं मतदान, तेही 2017 नंतर पहिल्यांदाच. अर्ध्या बाई निवडणुकीच्या ड्युटीवर आणि शाळेत मतदान केंद्र. म्हणून संमेलन 23 तारखेवर गेलं. ते शाळेच्या पटांगणातच आहे. गडकरी रंगायतन घेऊ या म्हणणारे दोन पालक होते, भाड्याचा विषय निघाल्यावर तेच मांडववाल्याचा नंबर शोधायला लागले.

सहल महिन्याच्या शेवटी, ऐरोलीच्या खाडीकाठच्या जैवविविधता केंद्रात. बोटीतून फ्लेमिंगो दाखवणार. आता बोट भरतीच्या वेळेवर सुटते, आपल्या सोयीने नाही, हे पालकांना पटवणं म्हणजे दिव्य! "नक्की किती वाजता ते सांगा ना." अहो, समुद्राला विचारून सांगते! 350 रुपये आहेत. ज्यांना जमणार नाही त्यांचे संघाच्या पेटीतून भरायचे, पण ते फाटकावर वाचायचं नाही, एकेकाला बाजूला घेऊन सांगायचं. हे मला त्या अक्षरओळख नसलेल्या आजींनीच शिकवलं.

सगळ्यात जास्त गोंधळ स्कॉलरशिपचा. आपण चौथीला दिली होती, मधल्या काळात ती पाचवीला नेली, आता परत चौथीला आणली. त्यामुळे यंदा पाचवीचीही परीक्षा आहे आणि चौथीचीही. रिक्षावाल्या भाऊंनी विचारलं, "म्हणजे आमच्या पोराने आत्ता देऊन पुढच्या वर्षी परत द्यायची?" नाही हो, यंदाच्या चौथीने यंदाच द्यायची, एकदाच. हे मी तीन सोमवार सांगतेय. चौथ्या सोमवारी त्यांनीच दुसऱ्या एका आईला माझ्यापेक्षा सोपं करून समजावलं. मी गप्प उभी राहिले, माझी गरजच नव्हती.

ज्यांना सोमवारी यायला जमत नाही त्यांच्यासाठी लेकीने युक्ती काढली. मी पत्र वाचते, ती फोनवर रेकॉर्ड करते आणि ग्रुपवर टाकते. डिसेंबरच्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच कुकरच्या दोन शिट्ट्या आणि माझं "गॅस बंद कर गं" ऐकू येतं. आता फाटकावर मला बघितलं की मुलं "गॅस बंद कर गं" ओरडतात. शिकून सवरून हीच कमाई.

आता कामाचं. संमेलनात चौथीची मंगळागौर आहे. सहा मुलींना नऊवारी हवीत, चार जमली. तुझ्या आईची ती हिरवी, जांभळ्या काठाची अजून पेटीत असेल तर कुरिअरने पाठव ना. 18 तारखेपर्यंत पोचायला हवी, मधे मतदानाची सुट्टी आहे हे लक्षात ठेव. डाग पडू देणार नाही, पडलाच तर मीच सांगेन. परकर नको, इथे शिवून घेतेय.

काकूंना नमस्कार. भिशीचं काही बोलू नकोस.

तुझी,
शुभा