महादरवाजा कोणी पाहायचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पर्यटन पुरवणीतील ‘दोन तासांत रायगड’ हा लेख वाचला. रोपवेने काही मिनिटांत वर, मग राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वर, समाधीचे दर्शन, टकमक टोक आणि जेवायच्या वेळेला खाली, असा चोख बेत लेखकमहाशयांनी आखून दिला आहे. त्यात महादरवाजाला एक ओळही मिळालेली नाही. रोपवेने गेलेला माणूस मेणा दरवाजातून थेट राणीवशात शिरतो. जो गड चालून येणाऱ्या शत्रूची अडवणूक डोळ्यांपुढे ठेवून बांधला, त्याचे दर्शन आपण अंतःपुरापासून घेऊ लागतो, यात लेखकाला काहीच वावगे वाटलेले दिसत नाही.

रोपवेविषयी माझे काही म्हणणे नाही. तो नसता तर माझ्या सासूबाईंना रायगड दिसलाच नसता. राग आहे तो घाईचा. मागे एका सहल कंपनीबरोबर आम्ही गेलो होतो, तेव्हा ज्यांना झेपेल त्यांनी उतरताना पायऱ्यांनी यावे म्हणजे महादरवाजा पाहून होईल, असे मी व्यवस्थापकांना अगदी नम्रपणे सुचवले. ‘मॅडम, तिथे काही नाही, नुसता दरवाजा आहे,’ असे उत्तर मिळाले. सत्तर फुटांच्या आसपास उंचीचे दोन बुरूज, त्यांच्या कवेत शिरेपर्यंत खालून येणाऱ्याला न दिसणारे दार आणि कमानीच्या दोन्ही अंगांना कोरलेली कमळे, एवढेच तिथे ‘काही नाही’! पुढे जेवणाच्या पंगतीसाठी मात्र आम्ही तासभर ताटकळलो, आणि परतताना पाचाडला जिजाऊंची समाधी चालत्या बसच्या खिडकीतून बोटाने दाखवण्यात आली. आपल्या लेखाने आता याच पद्धतीवर शिक्कामोर्तब केले आहे.

लेखात ‘भव्य राजवाडा डोळ्यांचे पारणे फेडतो’ असेही वाक्य आहे. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी लागलेल्या आगीत वाडे जळाले आणि उरली ती दगडी जोती, हे शाळकरी मुलेही जाणतात. तेव्हा लेखकाने राजवाडा नेमका कुठे पाहिला, हे कळल्यास आम्हीही तिकडे जाऊ. ती जोती आणि राणीवशातील शौचकूपांची दगडी सोय नीट पाहायलाच मुळी निवांत वेळ लागतो. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत नाव लागले म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी तेवढा वेळ तरी काढावा.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘राणीमहाल’ असे छापले आहे. ते जगदीश्वराचे मंदिर आहे. पुरवणीत दुरुस्ती छापावी, आणि ती राशिभविष्याखालच्या बारीक टाइपात नसावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे