बाबा, ८२ पुरेत

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न.

परवा फोनवर बाबांचा आवाज चढला आणि नेमकी रेंज गेली, म्हणून लिहूनच पाठवते. बाबांचं म्हणणं पोचलं. आधीच्या स्विफ्टला चार सिलिंडर आणि ९० अश्वशक्ती, २०२४च्या नव्या स्विफ्टला तीनच सिलिंडर आणि जेमतेम ८२. नवी गाडी घ्यायची आणि घोडे कमी, हा कुठला न्याय?

बाबा, ते ९० घोडे यायचे ६००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असताना. तुम्ही काटा तिथवर कधी नेलाय का? ३०००च्या पुढे गेला की ‘इंजिन रडतंय’ म्हणता आणि वरचा गियर टाकता. साखळीच्या बाजारातून निघाल्यावर डिचोलीपर्यंत तुमचा काटा २०००च्या आसपास. तिथे टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, १०० न्यूटन मीटर धरला, तरी हिशेब येतो २८ अश्वशक्तीचा. कमाल टॉर्क जुन्या इंजिनाचा ११३, नव्याचा ११२, म्हणजे फरक नाहीच म्हणा. ज्या आठ घोड्यांसाठी तुमचा जीव तुटतोय, ते तुम्ही तबेल्याबाहेर काढणारच नव्हतात.

तीन सिलिंडरची बारीक थरथर सिग्नलला उभं असताना हाताला लागते, ती खरी. चालू लागली की विसरायला होतं. मॅन्युअलचं मायलेज कंपनीच्या आकड्यांत २२.३८ वरून २४.८ झालंय. आपल्या रस्त्यांवर तेवढं मिळणार नाही, ते सोडा. आणि ‘सगळे १२००लाच का अडलेत’ असं विचारलंत ना? चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. १२००ची ही मर्यादा आधीच्या करातही होतीच, म्हणून हिचं इंजिन ११९७ सीसीचं.

आता चोर्ला घाट. मावशीकडे बेळगावला जाताना चौघं आत, डिकीत नारळ, एसी चालू. तिथे ही गाडी दमेल, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही काय करता? तिसऱ्यातच अॅक्सिलरेटर तळाला टेकवता, गाडी धडधडायला लागते, मग ‘पिकअप नाही’ म्हणून एसी बंद. आई मागे पदराने वारा घेत बसते. धडधडतेय म्हणजे ती खालचा गियर मागतेय. वळणाच्या आधीच दुसरा टाका आणि काटा ३५००ला जाऊ द्या. जोर तिथेच आहे. त्या आवाजाने इंजिनाचं काही बिघडत नाही. एसी फार तर दोन-चार अश्वशक्ती खातो, तेवढ्यासाठी आईला घामाघूम करू नका.

शेजारच्यांच्या फ्राँक्स गाडीत एक लिटरचं टर्बो, म्हणजे हवा दाबून आत घेणारं इंजिन आहे, १४८ न्यूटन मीटर, तेही २००० पासून. घाटात मजा येते, प्रश्नच नाही. दर आठवड्याला बेळगाव असतं, तर मीच म्हटलं असतं, घ्या. पण तुमचं जाणं वर्षातून दोनदा, बाकी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि पणजी. शिवाय २०००च्या खाली टर्बो जरा सुस्त असतो, आणि तुम्ही तर तिथेच मुक्कामाला!

आईसाठी एक. फेरीबोटीतून रायबंदरला उतरताना चढावर गाडी मागे येते आणि तू डोळे मिटतेस ना? हिला हिल होल्ड आहे. ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी क्षणभर जागच्या जागी थांबते, तेवढ्यात क्लच सुटतो.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला सपाट हायवेवर फिरवून आणेल. ऐकू नका. आईला आणि काका-काकूंना बसवा, एसी लावा, आणि केरीच्या पुढे घाटाची पहिली काही वळणं चढून या. दुसऱ्या गियरमध्ये! अॅडव्हान्स त्यानंतरच द्या. रंग आईने ठरवायचा.

चवथीला येतेच आहे.

तुमची,
बाय