मंत्रिमहोदय, इलाज संपलेल्या माणसाने जायचं कुठे?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

‘आता इलाज नाही, पेशंटला घरी घेऊन जा,’ असं सांगून डिस्चार्ज कार्ड हातात ठेवलं की दवाखान्याच्या लेखी केस संपते. माणूस मात्र त्यानंतरही कित्येक आठवडे, कधी कधी महिनोन् महिने जगतो. मी निवृत्त नर्स आहे. अशा घरांत जाऊन ड्रेसिंग करते, म्हणून हे पत्र.

तोंडाच्या कॅन्सरची जखम गालातून बाहेर फुटते, तेव्हा वासामुळे घरातली मुलंसुद्धा त्या खोलीत पाय ठेवत नाहीत. पेशंटला ते कळतं, तो भिंतीकडे तोंड करून पडतो. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड करून जखमेवर टाकली की दोन-चार दिवसांत वास बराच कमी होतो. गोळी अगदी स्वस्त आहे. पण हे घरच्यांना सांगणार कोण? आणि एका खोलीच्या घरात, रोजंदारी बुडवून, हे दिवसरात्र करणार कोण?

हाच प्रश्न टाटा हॉस्पिटलचे सर्जन डॉ. लुईस डिसोझा यांना पडला होता. इलाज संपलेल्यांना वॉर्डात ठेवता येत नव्हतं आणि घरी त्यांची शुश्रूषा होत नव्हती. त्यातून 1986 मध्ये वांद्र्याला माउंट मेरीजवळ ‘शांती आवेदना सदन’ उभं राहिलं. देशातलं हे पहिलं हॉस्पिस, म्हणजे इलाज संपलेल्या पेशंटची शेवटपर्यंत शुश्रूषा करणारं घर. तिथे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं असंच केंद्र 1997 मध्ये सुरू झालं, तिथली सेवाही मोफत. त्याआधी लंडनमध्ये अशा घराचं स्वप्न पाहणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांना डेव्हिड तास्मा या मरणाच्या दारात असलेल्या पेशंटने 500 पौंड ठेवले होते. तो 1948 मध्ये गेला आणि सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं 1967 मध्ये. मधली सगळी वर्षं त्या बाईंनी यासाठीच घालवली.

यातलं काहीही सरकारी आदेशाने सुरू झालेलं नाही. तशी आमची अपेक्षाही नाही. पण कोझिकोडला 1993 मध्ये काही डॉक्टर आणि स्वयंसेवकांनी सुरू केलेलं अशा पेशंटच्या शुश्रूषेचं काम केरळभर पोचलं ते सरकारने हात दिला म्हणून. 2008 मध्ये त्या राज्याने त्यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. आमच्याकडचा पेशंट मुंबई-पुण्याला जाऊन शेवटचे दिवस काढू शकत नाही. त्याला आपली माणसं जवळ हवी असतात. म्हणून दहा-पंधरा खाटांचं घर जिल्ह्यातच हवं.

आमच्या गावात जागा द्यायला एक कुटुंब तयार आहे. आम्ही काही निवृत्त नर्स आहोत, आठवड्यातून दोनदा यायला एक डॉक्टर राजी आहेत. अडतं ते मॉर्फिनपाशी, म्हणजे तीव्र वेदना शमवणाऱ्या, अफूपासून बनणाऱ्या औषधापाशी. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात हे औषध दवाखान्यांतून जवळपास नाहीसंच झालं. 2014 च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला आता राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरते. पण कायद्यात वाट झाली म्हणून गोळी कपाटात येत नाही. दर चार तासांनी मॉर्फिनची एक गोळी, सोबत पोट साफ होण्याचं औषध, एवढ्यावर कण्हणारा माणूस रात्री झोपतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ही गोळी मिळणार नसेल तर आमच्या घराला अर्थ नाही.

तेव्हा मागणी एवढीच: प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने ही मान्यता घ्यावी, तोंडाने घ्यायचं मॉर्फिन साठ्यात ठेवावं आणि ते द्यायला एक डॉक्टर व दोन नर्स प्रशिक्षित कराव्यात. आमच्यासारख्या छोट्या घराची नोंदणी कोणत्या नियमाखाली करायची, हे लेखी कळवावं. निधीचं नंतर बघू. आधी या एका प्रश्नाचं उत्तर देणारा अधिकारी आम्हाला नेमून द्या. आम्ही कागदपत्रं घेऊन यायला तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका