पेट्रोल आपणच जाळलं, तरीही

प्रिय सई,

काल फोनवर मी म्हणाले, की हवामान बदलामुळे होणाऱ्या पुरासारख्या नुकसानीचे पैसे तेल कंपन्यांनी भरावेत. त्यावर तू म्हणालीस, "आई, पेट्रोल तर आपणच जाळलं ना? मग कंपन्यांनी का भरायचं?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

तू चौथीत असताना घरात पाणी शिरलं होतं, आठवतं? पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं, पण गाळ आम्ही आठवडाभर उपसत होतो. कपाटाचं दार फुगून घट्ट बसलेलं. बाबांनी ते पहारीने उघडलं, तर आत तुझ्या वह्यांचा लगदा. तो खर्च आपण सोसला. रस्ता आणि गटार दुरुस्त झालं तेही लोकांच्या करातून. भरपाई आजही होतेच आहे गं, फक्त ती ज्याचं नुकसान झालं त्याच्याच खिशातून होते.

अमेरिकेतलं व्हरमाँट हे जेमतेम साडेसहा लाख वस्तीचं राज्य. जुलै २०२३ च्या पुरात त्याच्या राजधानीतली, माँटपेलियरमधली दुकानं पाण्यात गेली. मे २०२४ मध्ये तिथे कायदा झाला. १९९५ ते २०२४ या काळात ज्या कंपनीच्या इंधनातून १०० कोटी टनांहून जास्त हरितगृह वायू, म्हणजे पृथ्वी तापवणारे वायू, हवेत गेले, तिने राज्याच्या नुकसानीतला आपला वाटा भरायचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कनेही असा कायदा केला, २५ वर्षांत ७५ अब्ज डॉलर वसूल करण्याचा. विषारी कचरा ज्याने केला त्याने साफसफाईचे पैसे द्यावेत, हा नियम त्या देशात १९८० पासून आहे. त्याचाच हा पुढचा टप्पा.

आता तुझा प्रश्न. हो, जाळलं आपणच. पण १९७७ मध्ये एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीच्या जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने कंपनीच्या वरिष्ठांना सांगितलं होतं, की इंधन जाळल्यामुळे हवामान बदलण्याची दाट शक्यता आहे. पुढे त्यांच्याच शास्त्रज्ञांनी बांधलेले तापमानवाढीचे बहुतेक अंदाज खरे ठरले. आणि २००० मध्ये हीच कंपनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांना सांगत होती, की हे शास्त्र अजून पक्कं नाही! मला राग येतो तो याचा. त्यांना ठाऊक होतं, आपल्याला नव्हतं, आणि ते कळू नये म्हणून त्यांनी पैसे मोजले. पंपावर रांग लावणारा आणि हे दडवणारा, दोघांची चूक सारखी कशी म्हणायची?

भाव वाढतील ही तुझी भीती रास्त आहे. पण ही आकारणी जुन्या उत्सर्जनावर आहे, आज किती तेल विकलं यावर ती ठरत नाही. शिवाय ज्यांच्यावर ती लागू नाही अशा कंपन्याही बाजारात आहेत. भाव वाढवले तर गिऱ्हाईक तिकडे वळेल.

मे २०२५ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनेच दोन्ही राज्यांवर खटले भरले. हवेत सोडल्या जाणाऱ्या वायूंबाबत नियम करणं हा केंद्राचा अधिकार, राज्यांचा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. राज्यं म्हणतात, आम्ही उत्सर्जनावर बंदी घालत नाही, झालेल्या नुकसानीचे पैसे मागतो. मला राज्यांचं पटतं. पण कायदा तू शिकते आहेस, वाचून बघ आणि रविवारी फोन केलास की मला नीट समजावून सांग.

तुझी,
आई