वनमंत्र्यांना खुले पत्र : मेळघाटची जाळरेषा वेळेवर काढा

मा. वनमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, १५ फेब्रुवारीच्या आत पूर्ण होतील, असा शब्द मेळघाटातल्या एका वनपरिक्षेत्रात आम्हाला दिला गेला होता. तो पाळला गेला नाही आणि होळीच्या आधीच डोंगर पेटला. म्हणून हे पत्र.

आधी हा डोंगर समजून घ्या. गाविलगडच्या रांगेत वैराट ११७८ मीटर उंच आहे. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाचही नद्या इथलं पाणी तापीला नेतात. मधले उतार असे उभे, की सपाटीवरची मापं इथे लागू पडत नाहीत. आग चढावर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. दुपारी दरीतला वारा वर चढायला लागला, की सहा मीटरची रेषा ती सहज ओलांडते. मुख्य रेषा डोंगराच्या धारेवरच हवी, तिथे आगीचा जोर मोडतो. उताराच्या मध्यावर काढलेली रेषा फुकट जाते, कारण वरून जळते बांबू आणि ओंडके गडगडत तिच्या पलीकडे जाऊन पडतात.

रेषेवरचं गवत नोव्हेंबरात, अर्धवट ओलं असतानाच कापायचं. ते रेषेच्या आतच पसरून वाळवायचं आणि वारा पडलेला असताना, दोन्ही कडांना माणसं उभी करून, वरून खाली जाळत यायचं. जानेवारी संपायच्या आत हे उरकलं पाहिजे. पण काम इथे संपत नाही! सागाची पानं पुढे मार्चपर्यंत गळतात आणि साफ केलेली रेषा पुन्हा झाकून टाकतात. पानगळीत ती दर आठवड्याला झाडावी लागते. पाला उडवायचा ब्लोअर दिला आणि पेट्रोलाची, झाडणाऱ्याच्या मजुरीची तरतूद केली नाही, तर त्याचा काय उपयोग? मजुरी मार्चअखेरीस सुटते. गवत तोवर थांबत नाही.

उपग्रहाच्या इशाऱ्यावर विसंबू नका. त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो. आग नाल्याच्या कुठल्या अंगाला आहे ते त्यातून कळत नाही, आणि रेंज नसलेल्या गावात तो संदेश पोहोचतच नाही.

मोहाची फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, हे खरं आहे. त्यावर गुन्हे नोंदवून आग थांबत नाही. झाडाखाली जाळी अंथरली की पाला पेटवायची गरजच उरत नाही. मग मार्चच्या आधी जाळ्या वाटा ना!

इंग्रजांनी १८६० च्या दशकात हे जंगल राखीव केलं. मजूर हाताशी असावेत म्हणून वनग्रामं वसवली. १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प आला आणि त्याच कोरकू आदिवासी माणसाला पुढे गाव सोडायला सांगितलं गेलं. आग लागली की संशयही पहिला त्याच्यावरच, आणि आग झोडपायला झाडाची ओली फांदी घेऊन पुढे धावणाराही तोच. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला देतं. तरी रेषा कुठून काढायची, हे ठरवताना तिला कुणी विचारत नाही. धार कुठे, वारा कुठून, हे जिला ठाऊक तिलाच वगळून आराखडे होतात, याचा आम्हाला संताप आहे.

ऑक्टोबरअखेर जाळरेषेची रक्कम ग्रामसभांच्या खात्यात जमा करा. रेषेचा नकाशा त्यांच्यासोबत धारेवर चालून ठरवा. आणि १५ फेब्रुवारीला कोणती रेषा कोणी तपासली, ते नाव व सहीसह प्रत्येक परिक्षेत्र कार्यालयाच्या फलकावर लावा.

आपले,
मेळघाटातील नागरिक